कोयनेचा मेसेज, सांगलीचा पूर आणि मधलं ‘मॉडेल’

पावसाळ्यात सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी एक मेसेज येतो. साधारण असा:

“कोयना धरण, सकाळी ८ वा. पाणीसाठा ८८ टीएमसी. आवक ३६,००० क्युसेक. पायथा वीजगृहातून विसर्ग २,१०० क्युसेक. वक्राकार दरवाजे बंद.” खाली कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस.

आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, साचा मात्र हाच. सांगलीत नदीजवळ राहणारा माझा मामा जुलै-ऑगस्टमध्ये चहाच्या आधी हा मेसेज वाचतो. “दरवाजे बंद” दिसलं की चहा गोड लागतो म्हणतो.

सांगलीच्या खाली, कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या आलमट्टी धरणाची उंची वाढवण्याचा विषय तापला की या मेसेजच्या जोडीला आणखी एक शब्द कानावर पडू लागतो: मॉडेल. कर्नाटकचे तज्ज्ञ म्हणतात मॉडेलप्रमाणे सांगलीला धोका नाही, आपले काही अभियंते म्हणतात मॉडेलमध्येच खोट आहे, आणि टीव्हीसमोर बसलेल्या मामाला प्रश्न पडतो की हे मॉडेल म्हणजे पाटबंधारेवाल्यांनी मातीचं केलेलं खेळणं की काय. (गंमत म्हणजे तो अगदीच चुकीचा नाही. त्याबद्दल पुढे.)

नदीखोऱ्याचं मॉडेल म्हणजे पाऊस, जमीन, धरणं, नदीचं पात्र आणि पाणी वापरणारी माणसं यांची संगणकात मांडलेली नक्कल. “असं केलं तर काय होईल?” हे तिला विचारता येतं. या लेखात मी मॉडेल हाच शब्द वापरतो. ‘संगणकीय प्रतिमान’ वगैरे म्हटलं की निम्मे वाचक उठून जातात.

पहिलं मॉडेल मेसेजमध्येच आहे

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. दोन्हींना जोडणारा एक आकडा पाठच करून ठेवा: ११,५७४. एवढ्या क्युसेकनं पाणी पूर्ण चोवीस तास वाहिलं की बरोबर एक टीएमसी होतं.

आता वरचा मेसेज घ्या. येतंय ३६,०००, जातंय २,१००. शिल्लक ३३,९००. भागिले ११,५७४, म्हणजे दिवसाला २.९ टीएमसी साठ्यात भर. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, त्यामुळे जागा उरली १७.२५. आवक अशीच राहिली तर सहा दिवसांत धरण काठोकाठ.

झालं, मॉडेल चालवलंत. बँकेच्या पासबुकासारखं हे जमा, खर्च आणि शिल्लक. जगातलं सगळ्यात महागडं सॉफ्टवेअरसुद्धा आतून हेच पासबुक भरत असतं, फक्त खाती शेकडो असतात आणि नोंद तासातासाला होते. बाष्पीभवन हा खर्च. कोयनेच्या बाबतीत आणखी एक वेगळा खर्च आहे: वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला सोडलेलं पाणी. ते कृष्णेत येतच नाही, सह्याद्री उतरून वाशिष्ठीमार्गे चिपळूणकडे जातं. कृष्णेचं पाणी राज्यांमध्ये वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे.

या पासबुकातली अडचण एकाच शब्दात आहे: “अशीच राहिली तर”. आवक अशीच राहत नाही.

उद्याची आवक कुठून काढायची?

कोयना धरणाच्या वरच्या बाजूला सुमारे ८९२ चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र आहे. घराच्या पत्र्यावर पडलेला पाऊस पन्हळीतून पिंपात यावा, तसं या क्षेत्रावरचं पाणी धरणात येतं. त्यावर सगळीकडे सारखा १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर किती पाणी? सव्वातीन टीएमसीला थोडं कमी. ते एका दिवसात आलं तर आवक ३६,००० क्युसेक.

पण सगळा वाहून येत नाही. जूनचा पहिला पाऊस जमीन पिते. ओढे कोरडेच राहतात. जुलैच्या अखेरीस जमिनीचं पोट भरलेलं असतं, तेव्हा तोच १०० मिलिमीटर जवळजवळ तसाच्या तसा धरणात उतरतो. म्हणून मॉडेलला आजच्या पावसासोबत गेल्या महिन्याच्या पावसाचीही आठवण ठेवावी लागते. ते जमिनीला दोन-तीन थरांची टाकी समजतं: वरची भरली की पाणी खालच्या टाकीत झिरपतं, आणि तिथून हळूहळू ओढ्यात येतं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९६६मध्ये असं संपूर्ण खोऱ्याचं मॉडेल संगणकावर उभं केलं. आजची बहुतेक मॉडेलं त्याच घराण्यातली.

खरी गोची पाऊस मोजण्यात आहे. घाटात एका डोंगराच्या अलीकडे धो-धो आणि पलीकडे भुरभुर असते. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कोयनेच्या सगळ्या पाणलोटावर तो तेवढाच पडला असं धरलं, तर एका दिवसात जवळपास १९ टीएमसी येतात. निम्म्या भागावर निम्माच पडला असं धरलं तर हिशेब कितीतरी खाली येतो. मोजमापाची यंत्रं कुठे बसवली आहेत आणि त्यातली किती चालू आहेत, यावर मॉडेलचं अर्धं नशीब ठरतं. संगणक कितीही मोठा आणा, नवज्याच्या पर्जन्यमापकात पानं अडकली असतील तर तो बिचारा काय करणार.

पाणी रस्त्यात काय करतं?

धरणातून सोडलेलं पाणी सांगलीला लगेच पोहोचत नाही आणि जसं निघालं तसं पोहोचत नाही. कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पुढे सांगलीशेजारी हरिपूरला वारणा येते, नृसिंहवाडीला पंचगंगा. प्रत्येकीचा पाऊस वेगळा आणि प्रत्येकीवर धरणं वेगळी.

पुराची लाट ही आषाढी वारीच्या दिंडीसारखी असते. सकाळी एका ठिकाणाहून गच्च गर्दी निघते. रस्ता अरुंद झाला की लांबत जाते. काही जण झाडाखाली विसावतात, काही पुढे निघून जातात. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचताना गर्दी तेवढीच, पण ती एकदम न येता तीन-चार तास येत राहते. नदीचंही तसंच. पात्राबाहेर पडून शेतात विसावलेलं पाणी उशिरा पुढे जातं आणि लाटेची उंची कमी होते. धोका तेव्हा, जेव्हा दोन दिंड्या एकाच वेळी एकाच चौकात येतात. वारणेचं शिखर आणि कृष्णेचं शिखर हरिपुरात एकाच रात्री भेटलं, तर सांगलीचा हिशेब पार बदलतो. तीच शिखरं बारा तासांच्या अंतरानं आली तर आयर्विन पुलाखाली पाणी काही फूट कमी राहू शकतं. मॉडेलचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे: कुठलं धरण किती वाजता किती सोडेल, म्हणजे या भेटी टळतील.

वाहत्या पाण्याचं गणित जुनं आहे. फ्रान्सच्या सेंट व्हेनांनं १८७१मध्ये मांडलेली समीकरणं आजही माईक-११, हेक-रास अशा सॉफ्टवेअरच्या पोटात असतात. त्यांना नदीचं जागोजागचं छेद-मोजमाप लागतं, म्हणजे पात्र किती रुंद, किती खोल, काठ कुठे. आणि एक ‘खडबडीतपणा’चा आकडा लागतो. स्वच्छ पात्रासाठी तो ०.०३च्या आसपास घेतात, दाट झाडोऱ्यासाठी ०.१च्या आसपास. आता शिरोळ, वाळवा, मिरजेतली नदीकाठची शेतं डोळ्यांसमोर आणा. ऑगस्टमध्ये तिथे पुरुषभर उंचीचा ऊस उभा असतो. पुराचं पाणी त्यातून वाट काढताना अडखळतं आणि वर चढतं. परदेशी पुस्तकातला आकडा इथे जसाच्या तसा चालत नाही, तो इथल्या पुरावरच बेतावा लागतो.

मघाशी मामाच्या खेळण्याबद्दल म्हटलं होतं ते असं, की पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६पासूनचं. तिथे धरणांचे सांडवे, नद्यांची वळणं, बंदरं यांच्या खरोखरच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडून बघतात. सांडव्याखाली पाणी कसं उसळेल हे बघायला अजूनही प्रतिकृतीला तोड नाही. पण अख्खं कृष्णा खोरं, त्यावरचा चार महिन्यांचा पाऊस आणि वीस-पंचवीस धरणं शेडमध्ये मावत नाहीत. म्हणून संगणक.

मॉडेलवर विश्वास कधी ठेवायचा?

मॉडेल बांधलं की आधी त्याला जुना पूर दाखवतात. २००५चा पाऊस द्यायचा आणि उत्तर आयर्विन पुलावरच्या खऱ्या नोंदीशी जुळेपर्यंत आतले आकडे हलवायचे. याला कॅलिब्रेशन म्हणतात, घड्याळ मिळवून घ्यावं तसं. पण ही परीक्षा नव्हे. अपेक्षित प्रश्नसंचातलेच प्रश्न आले तर कोणीही पास होतं. खरी परीक्षा म्हणजे मॉडेलनं कधीच न पाहिलेला पूर, समजा २०१९चा, त्याच्यासमोर ठेवायचा आणि आकडे न हलवता उत्तर मागायचं. तिथे पाण्याची उंची आणि शिखराची वेळ दोन्ही जवळपास आली तर ते कामाचं.

कोणी “आमचं मॉडेल सांगतं” म्हणालं की मी एवढंच विचारतो: कोणत्या पुरावर बेतलं, आणि कोणत्या पुरावर तपासलं? उत्तर एकच आलं तर समजून जायचं.

“मॉडेल होतं ना, मग २०१९ कसं झालं?”

प्रश्न रास्त आहे. जागतिक बँकेच्या मदतीच्या जलविज्ञान प्रकल्पातून महाराष्ट्रानं कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी तत्काळ पूर अंदाज आणि धरण परिचालनाची यंत्रणा उभी केली होती. डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेचं माईक-११ त्यात वापरलं. तरी ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. मामाच्या घराचा तळमजला तेव्हा पाच दिवस पाण्यात होता, आणि त्यानं हाच प्रश्न मला जरा वेगळ्या, इथे न लिहिता येणाऱ्या शब्दांत विचारला होता.

एक तर, धरणांच्या खाली पडणाऱ्या पावसावर कोणाचाच दरवाजा नसतो. त्याला मुक्त पाणलोट म्हणतात. कोयना, धोम, वारणा सगळे दरवाजे बंद ठेवले तरी कऱ्हाड ते सांगली या पट्ट्यातला पाऊस नदीत येणारच.

दुसरं, सगळे दरवाजे माणसाच्या हातात नसतात. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचलं की त्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाची ती रचना कौतुकाचीच आहे, पण मॉडेलनं “आज रात्री थांबा” म्हटलं तर ती ऐकत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या तीन दिवसांचा पाऊस हवामानाच्या अंदाजातून येतो. घाटावर १०० मिलिमीटर की २००, एवढा फरक अंदाजात सहज असतो, आणि कोयनेत त्याचा अर्थ ३ टीएमसी की ६ असा होतो. म्हणून हल्ली एकच अंदाज न घेता एकाच दिवसाचे वीस-पंचवीस संभाव्य पाऊस मॉडेलमध्ये घालतात आणि उत्तरही पट्ट्यात देतात: एवढ्यापासून एवढ्यापर्यंत.

“मग धरण रिकामंच का ठेवत नाहीत?”

सांगली शहरात हा प्रश्न विचारा, टाळ्या मिळतील. सत्तर-ऐंशी किलोमीटर पूर्वेला, त्याच जिल्ह्यातल्या जतमध्ये विचारून बघा.

ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना कृष्णेचं पाणी उचलून आटपाडी, कवठेमहांकाळ, जतसारख्या कोरड्या तालुक्यांना देतात. उन्हाळ्यात कृष्णेत पाणी असतं ते मुख्यतः कोयनेतून सोडलेलं. शिवाय कोयनेवर जवळपास १,९६० मेगावॉट वीजनिर्मितीची क्षमता आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला पुराच्या भीतीनं १५ टीएमसी सोडून दिले आणि नंतर पाऊस दडी मारून बसला, तर मे महिन्यात जतच्या द्राक्षबागेवर कुऱ्हाड.

यावर तोडगा म्हणून प्रत्येक मोठ्या धरणाची एक तारीखवार सूची असते: १ ऑगस्टला इतकाच साठा, १५ ऑगस्टला इतका. मॉडेल ही सूची गेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या पावसावर पळवून बघतं. ही सूची पाळली असती तर किती वर्षं सांगलीत पाणी शिरलं असतं आणि किती वर्षं धरण अपुरं राहिलं असतं? सूची बदलली तर? चार टीएमसी जागा रिकामी ठेवली तर पूर किती फूट उतरतो, आणि दहा वर्षांतल्या किती उन्हाळ्यांत पाणी कमी पडतं? हे सगळं ते कागदावर आणून देतं. सांगलीचा एक फूट जतच्या किती एकरांच्या बरोबरीचा, हे मात्र ते सांगत नाही. ते ठरवायला माणसं निवडून दिलेली असतात, आणि निर्णयाचं माप संगणकाच्या पदरात टाकून मोकळं व्हायला त्यांना फार आवडतं.

आता आलमट्टी

वाद असा. आलमट्टीची पूर्ण संचय पातळी आज समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर आहे. ती ५२४.२५६ मीटर करायला, बच्छावत यांच्यानंतर कृष्णेच्या वाटपासाठी नेमलेल्या ब्रिजेश कुमार लवादानं २०१०मध्ये मान्यता दिली. म्हणजे साडेचार मीटरांहून थोडी जास्त वाढ. सांगलीकर म्हणतात, आमचा पूर आणखी तुंबेल. दुसरी बाजू म्हणते, महापुरात सांगलीजवळ कृष्णेची पातळी ५४० मीटरच्या आसपास असते, ५२४चं पाणी ५४०ला कसं पोहोचेल?

साध्या फूटपट्टीनं दुसरी बाजू बरोबर. पण फूटपट्टी फक्त उभ्या पाण्याला लागू पडते. मोरीच्या जाळीवर कचरा अडकला की पाणी जाळीपाशीच साचत नाही, मागे बादलीपर्यंत चढतं, आणि नळ जितका जोरात चालू तितकं जास्त मागे. वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग तिरपा असतो. खाली पातळी चढली की वरचा उतार कमी होतो, वेग मंदावतो आणि पाणी फुगतं. हा फुगवटा किती दूर पोहोचतो हे पात्राचा उतार, वाटेतले बंधारे, पूल, त्यांचे भराव, साचलेला गाळ आणि त्या दिवशीचा विसर्ग यांवर ठरतं. नृसिंहवाडीच्या लोकांना हे समीकरणाशिवाय माहीत आहे. कृष्णा चढलेली असली की पंचगंगेला जागाच मिळत नाही, ती उलट मागे शिरोळच्या शेतात शिरते.

मॉडेलनं याचं उत्तर काढायची रीत सरळ आहे. तोच पूर तीनदा चालवायचा: आलमट्टी नाहीच असं समजून, ५१९.६० धरून आणि ५२४.२५६ धरून. तिन्ही वेळा आयर्विन पुलाजवळ किती फूट येतात ते बघायचं. २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर आलमट्टीवर फोडलं नाही. पुष्कळांना ते पटलं नाही, आणि शंका घेणाऱ्यांचे सगळेच मुद्दे भावनिक नाहीत. पात्राचे छेद कोणत्या वर्षी मोजलेले? आलमट्टीच्या वरचा हिप्परगी बंधारा, पूल आणि त्यांचे भराव धरले का? धरणाचे दरवाजे वेळेवर उघडले असं गृहीत धरलं, की प्रत्यक्षात उघडले तसे? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात कळीचा वाटतो. उंची ही काँक्रीटची गोष्ट आहे, पण पूर येतो तो पातळी कोणत्या तारखेला किती ठेवली यावर. ५२४ मीटरचं धरण ऑगस्टमध्ये खाली ठेवलं तर निरुपद्रवी ठरू शकतं, आणि ५१९चं धरण जुलैतच भरून ठेवलं तर त्रासदायक.

दोन्ही राज्यांनी आपापली मॉडेलं आपापल्या कपाटात ठेवली तर हा वाद कधीच मिटणार नाही. तेच छेद, तोच पाऊस, तेच विसर्ग दोघांसमोर उघडे असले तर निदान भांडण आकड्यांवरून न होता निर्णयांवरून होईल.

थोडं वाटणीबद्दल

पुराइतकंच मॉडेल कोरड्या हिशेबालाही लागतं. बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी वाटलं ते ७५ टक्के विश्वासार्हतेनं २,०६० टीएमसी धरून. म्हणजे शंभरातल्या ७५ वर्षी निदान इतकं पाणी येईल. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, तेव्हाच्या आंध्रला ८००. ब्रिजेश कुमार लवादानं ६५ टक्के विश्वासार्हता घेतली आणि आकडा २,२९३वर गेला. नदी तीच. किती वर्षांची तूट सोसायची आणि कोणत्या वर्षांच्या नोंदी धरायच्या हे बदललं, आणि वाटायला दोनशेहून जास्त टीएमसी ‘निघाले’. नाशिक-नगर विरुद्ध जायकवाडी हा दरवर्षीचा तंटाही शेवटी असल्याच मांडणीवर उभा आहे, पण त्यात शिरलो तर आजचा लेख संपायचा नाही.

मेसेज कसा असायला हवा?

मी मामाला विचारलं, तुला रोज काय कळलं तर उपयोग होईल? तो म्हणाला, टीएमसी तुमच्याकडेच ठेवा. उद्या संध्याकाळी आयर्विनला किती फूट, ते सांगा.

हे देता येतं. फक्त प्रामाणिक उत्तर “४४ फूट” असं नसेल. “४२ ते ४६, बहुधा ४४” असं असेल. मी त्याला विचारलं, असा पट्टा सांगितला तर गोंधळ नाही होणार? त्यानं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. म्हणाला, “बेचाळीसला पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी असतं. शेहेचाळीसला गोठ्यात. म्हणजे म्हशी दुपारीच मिरजेला पाव्हण्यांकडे लावायच्या, आणि आपण रात्री पुलावर जाऊन बघायचं. यात गोंधळ कसला?”